दिंडोरीचा दगड, डोंबिवलीचं पाणी

फिशटँकमध्ये मासे नसले की लोकांना चैन पडत नाही. आमच्या हॉलमध्ये काचेची टाकी आली, तिच्यात माती पडली, दगड बसले, झाडं लागली, पाणी भरलं, वर दिवाही लागला, तरी कित्येक आठवडे आत एकही मासा नव्हता. शेजारची मुलं काचेला नाक लावून विचारायची, "काकू, मासे लपलेत का?" कामाला येणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "सगळे गेले का हो?" समोरच्या काकांनी तर महापालिकेच्या मलेरियावाल्यांकडून गप्पी मासे फुकट आणून द्यायची तयारी दाखवली. सासूबाईंना मात्र काही समजावावं लागलं नाही. गच्चीत त्यांच्या चाळीसेक कुंड्या आहेत. टाकीकडे एकदा नीट बघून त्या म्हणाल्या, "ही कुंडीच आहे गं, फक्त पाण्याखालची."

एवढं एक वाक्य कळलं की बाकीचं सोपं जातं. प्लांटेड टँक, म्हणजे झाडांची टाकी, ही आधी शेती. मासे हे त्या शेतातले पाहुणे.

हा छंद जगभर पोचवला तो जपानमधल्या निगाताच्या ताकाशी आमानोने (1954–2015). मुळात तो निसर्गाची छायाचित्रं काढणारा माणूस. त्याच्या आधीही पाण्यातल्या झाडांच्या टाक्या होत्याच. हॉलंडमधले लोक झाडांचे वाफे लावावेत तशी ओळीओळीने, रंगसंगती साधून टाकी लावत. आमानोने त्यात दगड, लाकूड आणि मोकळी जागा आणली, टाकीला डोंगरउताराचं रूप दिलं. 1982 मध्ये त्याने कंपनी काढली, 2001 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि मरणाच्या थोडं आधी लिस्बनच्या मत्स्यालयात 40 मीटर लांबीची, 1,60,000 लिटर पाण्याची टाकी त्याने उभी केली. स्पर्धेतल्या टाक्यांचे फोटो बघून मीही या नादाला लागले, पण आता त्यांच्याबद्दलचं माझं मत थोडं बदललंय. त्यातल्या कितीतरी टाक्या एका फोटोसाठी वाढवतात आणि फोटो झाला की मोडतात. घरातल्या टाकीला रोज संध्याकाळी बघणारी माणसं असतात. ती वेगळ्या हिशेबाने लावावी लागते.

माझी टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर 70 लिटर; दगड-माती वजा जाता साधारण 55 ते 60 लिटर पाणी मावतं. काच 8 मिलिमीटरची. काच, दगड, माती, पाणी सगळं धरून वजन शंभर किलोच्या आसपास जातं, त्यामुळे ती शोकेसवर किंवा टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विषयच नाही. सुताराकडून लोखंडी सांगाड्यावर प्लायचं स्टँड करून घेतलं आणि ते खांबालगतच्या भिंतीशी ठेवलं. खिडकीपासून लांब, कारण सरळ ऊन आलं की शेवाळाचं फावतं. लेव्हल बघायची पाण्याची नळी लावून चारही कोपरे तपासले. टाकीखाली थर्माकोलचा जाड तुकडा घातला, नाहीतर एखादा बारीक खडा किंवा प्लायचा उंचवटा काचेला एकाच जागी दाबतो आणि महिन्याभराने तडा जातो. फिल्टर बाहेर खाली ठेवायचा कॅनिस्टर घेतला, दिवा 6500 केल्विनचा एलईडी, टायमरवर. या दोन गोष्टींवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्यात फार काही सांगण्यासारखं वाटत नाही.

दगडांचं मात्र सांगण्यासारखं आहे.

दुकानात 'सेरयू' नावाने जो निळसर करडा, पांढऱ्या रेघांचा दगड मिळतो तो दिसतो अप्रतिम आणि विकतात किलोवर. पण या नावाने जे मिळतं त्यातलं बरंचसं चुनखडीच्या जातीचं असतं. पाण्यात राहून तो हळूहळू विरघळतो, पाणी जड करतो. आमच्या नळाला मऊ पाणी येतं, ते मुद्दाम कशाला बिघडवायचं? शिवाय माझं माहेर दिंडोरीजवळचं. दादाने दोन वर्षांपूर्वी द्राक्षबागेसाठी विहीर खोल केली तेव्हा सुरुंगाने निघालेल्या दगडांचा ढीग अजून बांधावर पडलाय. काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. विहिरीतून निघाल्यामुळे धारदार, कोपरे शाबूत, एका बाजूला सपाट तुटलेला. अशा तुटलेल्या पृष्ठभागाला पाण्याखाली कड्याचं रूप येतं.

बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही, पण आपल्याकडच्या बेसाल्टात पोकळ्या असतात आणि पोकळ्यांत गारगोट्या. नाशिककडच्या माणसाला हे सांगायला नको. सिन्नरला तर या खनिजांचं 'गारगोटी' नावाचं संग्रहालयच आहे. या पांढऱ्या स्फटिकांपैकी काही झिओलाइट जातीचे, ते टाकीत चालतात. काही कॅल्साइट, म्हणजे चुनाच. डोळ्यांनी ओळखायच्या भानगडीत न पडता मी हातमोजे घालून, मोकळ्या अंगणात, संडास धुवायचं ॲसिड पाण्यात पातळ करून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यावर थेंब टाकले. जिथे फसफसलं तो दगड बाजूला. व्हिनेगरनेही चाचणी करतात, पण त्याचा फेस इतका मंद येतो की आला की नाही याचीच शंका राहते. उरलेले दगड ब्रशने घासून, भरपूर पाण्याने धुवून, उन्हात वाळवून गोणीत भरले. गाडीत चढवताना वहिनी म्हणाली, "ताई, माहेराहून लोक द्राक्षं नेतात." द्राक्षंही नेलीच.

दगड कसे बसवायचे याची जपानी रीत ठरलेली आहे. विषम संख्या. सर्वांत मोठा तो ओयाइशी, त्याला मध्यावर बसवायचं नाही, साधारण एक तृतीयांश अंतरावर, प्रवाहाने ढकलल्यासारखा किंचित कललेला. त्याच्या जोडीला फुकुइशी, मग आधाराचे सोएइशी आणि शेवटी सुतेइशी नावाचे बारके दगड, जे झाडं वाढली की दिसेनासे होतात तरी ठेवायचे. सगळ्यांच्या अंगावरच्या रेघा एकाच दिशेला. हे वाचायला सोपं आणि करायला छळ. मी टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका कापला, त्यात वाळू भरली आणि हॉलच्या जमिनीवर त्यातच दगड मांडून बघत बसले. टाकीत मांडामांड करताना दगड निसटला तर काच जाते. खोक्यात निसटला तर काही होत नाही. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की मांडणी मोडायची, नवी करायची, मोबाईलवर फोटो काढायचा. फोटो कृष्णधवल करून बघितला की तोल लगेच कळतो. नवऱ्याने एकदा चहाचा कप घेऊन येता येता एक दगड पायाने सरकवला आणि तेच बरं दिसायला लागलं. मी ते त्याला सांगितलं नाही.

ओला झाल्यावर आपला कातळ काळा कुळकुळीत होतो आणि प्रकाश पिऊन टाकतो. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मला टाकी अंधारलेली वाटली. पण पुढे हिरवळ पसरल्यावर त्या काळ्यावर पोपटी रंग असा काही उठतो की करडा दगड विकत घेतला नाही याचं समाधान वाटलं.

तळाला काय घालायचं? दादाची काळी माती मी मनातून लगेच बाद केली होती: ती पाण्यात फुगते, आणि तिच्यात चुन्याचे खडे असतात. मी सरळ विकतची ॲक्वासॉइल घेतली, भाजलेल्या मातीचे वाटाण्यापेक्षा बारीक दाणे. 60 बाय 30 सेंटिमीटरच्या तळाला सरासरी 5 सेंटिमीटर थर म्हणजे 9 लिटर. प्रत्यक्षात थर सरासरीत घालायचा नसतो. पुढे 3 सेंटिमीटर, मागे 10 च्या वर. हा चढ दिला की टाकी आहे त्यापेक्षा दुप्पट खोल दिसते. मागची उंची भरायला महागडी माती कशाला, म्हणून खाली जुन्या मलमलच्या पिशव्यांत दगडाची कच भरून ठेवली आणि वरून माती पसरली. पिशवी नसेल तर चढ महिन्या-दोन महिन्यांत घसरून सपाट होतो.

पाण्याबद्दल आम्ही डोंबिवलीकर इतर बाबतींत कितीही तक्रारी करोत, या छंदाला आमचं नळाचं पाणी छान आहे. सह्याद्रीत पडलेला पाऊस, कातळावरून वाहून आलेला; त्यात फारसं काही विरघळत नाही. माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 80 च्या मागेपुढे येतो. सोसायटीत टँकर आला की तोच आकडा सहाशे-सातशेवर. म्हणून पाणी बदलायच्या आधी मीटर बुडवून बघायची सवय लावून घेतली आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनसाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे, जे जुने फोटोग्राफर हायपो म्हणून ओळखतात आणि माशांच्या दुकानात अँटी-क्लोरिन म्हणून मिळतात. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरिनचा वास वाढतो, तेव्हा बादली रात्रभर उघडीही ठेवते.

झाडं आणायला मी क्रॉफर्ड मार्केटजवळची दुकानं फिरले, कुर्ल्याच्या बाजारात गेले. तिथे विचारायचा पहिला प्रश्न म्हणजे हे झाड पाण्याखाली वाढवलंय की पाण्याबाहेर. कारण पाणवनस्पतींच्या नर्सरीत बहुतेक झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. तशी ती लवकर वाढतात, शेवाळ धरत नाहीत. टाकीत गेल्यावर त्यांची ती पानं निरुपयोगी होतात, सडून गळतात, आणि पाण्याखालच्या जगण्याची वेगळी, पातळ पानं नव्याने फुटतात. क्रिप्टोकोराइन तर आठवड्यात पूर्ण मेल्ट होऊन नाहीशी होते. नवखा माणूस तिला उपटून फेकतो. मुळं जागेवर असतात, तिथूनच ती परत येते. मावशींना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सासरी गेल्यावर असंच होतं."

यादी करताना मला एक गोष्ट सापडली आणि तिच्यातच मी रमले. परदेशी नावं लावून जी झाडं आपण कपात, जेलीत, दोनशे-तीनशे रुपयांना विकत घेतो, त्यातली पुष्कळशी मुळात इथलीच. रोटालाच्या कितीतरी जाती सह्याद्रीतल्या ओल्या पठारांवर आणि भातखाचरांत उगवतात. लालभडक रोटाला मॅक्रांड्रा दक्षिण भारतातली. पोगोस्टेमॉन इरेक्टस, ज्याची सुईसारखी पोपटी पानं पाहून मी हरखले, तो भारतातलाच, आणि सप्टेंबरात कासच्या पठारावर डबक्यांभोवती जांभळी चादर पसरवणाऱ्या जांभळ्या मंजिरीचा सख्खा नातेवाईक. हायग्रोफिला पॉलीस्पर्मा आपल्याकडचं साधं तण. तिकडे अमेरिकेत ते इतकं माजलं की केंद्र सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत गेलं. याचा अर्थ पिशवी घेऊन कासला जावं असा नाही. तिथून काडीही उचलायची नसते. नर्सरीतलीच आणावीत, टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत कपातल्या जेलीवर वाढवलेली असतील तर उत्तम, त्यांच्याबरोबर गोगलगायी आणि शेवाळ येत नाही.

एक झाड मात्र मी विकत घेतलं नाही. दुकानदाराने "बॅकोपा आहे, साठ रुपये जुडी" म्हणून दाखवलं आणि मी ते बघतच राहिले, कारण सासूबाईंच्या कुंडीत तेच आहे. ब्राह्मी. बॅकोपा मोनिएरी म्हणजे आपली पाणथळीची ब्राह्मीच. घरी येऊन म्हटलं, "आई, तुमची थोडी ब्राह्मी बुडवू का?" त्यांनी स्वतः कात्री घेऊन बोटभर लांबीचे शेंडे कापून दिले. माती धुऊन, खालची पानं काढून लावले. आज माझ्या टाकीतलं सर्वांत निर्धास्त झाड तेच आहे. उष्णता सोसतं, खत कमी पडलं तरी बोलत नाही, फक्त सावकाश वाढतं. पाण्यावर आलं की निळसर-पांढरं फूलही देतं.

लावणी एका रविवारी केली. पुढे जमिनीसरशी पसरणारी मॉन्टे कार्लो, तिचा कप धुऊन जेली काढायची आणि नखाएवढे झुबके लांब चिमट्याने तिरपे खुपसायचे, दोन-दोन सेंटिमीटरवर. सरळ खुपसले तर चिमटा बाहेर येताना झुबका बरोबर येतो. मधे क्रिप्टोकोराइन, दगडांच्या खाचांत ॲन्युबियस. तिचा गड्डा मातीत पुरला तर कुजतो, म्हणून फेविक्विकच्या थेंबाने दगडालाच चिकटवली. सुकलेल्या फेविक्विकने पाण्याला काही होत नाही. मागे रोटाला, पोगोस्टेमॉन, ब्राह्मी. हे चालू असताना सासूबाई हातात स्प्रेची बाटली घेऊन झाडं ओली ठेवत होत्या, मधूनच "ही जरा दाट लाव" असं सांगत. त्या म्हणत होत्या ते बरोबरच. पहिल्या दिवसापासून जितकी झाडं जास्त, तितकं शेवाळाला खायला कमी. मग मातीवर प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्यावर तांब्या-तांब्याने पाणी ओतलं. घाई केली की तळ ढवळतो.

आणि मग तो बिनमाशांचा काळ. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. नव्या ॲक्वासॉइलमधूनही तो सुटतो, पहिले काही आठवडे भरपूर. मासे त्यात जगत नाहीत. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजवर आणि मातीच्या दाण्यांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे सहज जातात. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिच्या जुन्या टाकीतला काळाकुट्ट, घाणेरडा स्पंज पिशवीत घालून दिला. लोकलमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते, शेजारच्या बाई दोन इंच सरकून बसल्या. पण त्या स्पंजाने काम खूपच सोपं केलं. थेंबांच्या चाचणी संचाने रंग बघायचा, पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज निम्मं पाणी बदलायचं, मग दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा. काढलेलं पाणी गच्चीत कुंड्यांना. सासूबाईंचा गुलाब त्या महिन्यांत जसा फुलला तसा आधी फुलला नव्हता.

कार्बन डायऑक्साइडवाचून मॉन्टे कार्लो पसरत नाही असं नाही, पण तिची चाल बघत बसायला संयम लागतो. सिलिंडर, रेग्युलेटर वगैरे सरंजाम बराच महाग. मी सायट्रिक ॲसिड आणि खायच्या सोड्यातून तो वायू काढायचा संच घेतला. 200-200 ग्रॅमच्या भरणीवर दोन फुटी टाकी तीनेक आठवडे चालते आणि दोन्ही जिन्नस किराण्याच्या दुकानात मिळतात. दुकानदाराला वाटतं मी ढोकळ्याचा धंदा काढलाय. टाकीत एक काचेचा फुगा लटकवलेला असतो, त्यातलं द्रावण वायू कमी असेल तर निळं, बेताचा असेल तर हिरवं, जास्त झाला तर पिवळं. हिरवं म्हणजे साधारण 30 पीपीएम, दहा लाख भागांत 30 भाग. दिवे लागण्याच्या तास-दोन तास आधी वायू सुरू करायचा, दिवे मालवायच्या आधी बंद; रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात.

खतांचा माझा अभिमान मात्र मी लपवणार नाही. ॲक्वेरियमच्या खताच्या बाटलीवरचं लेबल वाचलं: पोटॅशियम नायट्रेट, मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पोटॅशियम सल्फेट, चिलेटेड लोह. दादाला फोन केला. "13-0-45 आहे का रे? आणि 0-52-34?" पलीकडून आवाज आला, "ठिबकला तेच तर सोडतो. किती पाहिजे, गोणी की दोन?" द्राक्षाच्या पट्ट्यात हे नत्र-स्फुरद-पालाशाचे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. 13-0-45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, 0-52-34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, 0-0-50 म्हणजे पोटॅशियम सल्फेट. 60 लिटर पाण्यात 1 ग्रॅम 13-0-45 विरघळलं की नायट्रेट सुमारे 10 पीपीएमने वाढतं. 0-52-34 चा दशांश ग्रॅम टाकला की फॉस्फेट 1 पीपीएमपेक्षा थोडं जास्त. दादाने एकेक किलो पिशवीत बांधून दिलं, ते या टाकीला काही वर्षं सरणार नाही. सोनाराकडे असतो तसला छोटा काटा घेतला. टॉम बार या अमेरिकन माणसाची पद्धत मला पटते: झाडांना थोडं जास्तच द्यायचं आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलून शिल्लक काढून टाकायची. फक्त 19-19-19 ला हात लावायचा नाही. शेतात ते सगळ्यांचं आवडतं, पण त्यातला बराच नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, आणि बंद काचेत तो माशांच्या जिवावर येतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शेतीच्या मिश्रणातही तांबं असतं, कोळंबीला ते सोसत नाही. तेवढी एक बाटली मी ॲक्वेरियमचीच घेते. आमचं पाणी इतकं मऊ की कॅल्शियम-मॅग्नेशियमही कमी पडतं, म्हणून पाणी बदलताना चिमूटभर एप्सम सॉल्ट आणि कॅल्शियम सल्फेट.

शेवाळ येतंच. आधी काचेवर आणि दगडांवर तपकिरी धूळ, ती बोटाने पुसली जाते आणि टाकी जुनी झाली की आपोआप थांबते. मग हिरवे केस. दिवे आठ तासांवरून सहावर आणले, केस दात घासायच्या जुन्या ब्रशला गुंडाळून काढले. शेवटी ॲन्युबियसच्या पानांच्या कडांना काळी दाढी, ती वायूचं प्रमाण रोज वरखाली झालं की येते. तिच्यावर मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने नेमकं सोडलं, फिल्टर काही मिनिटं बंद ठेवून. ती काळी दाढी दोन दिवसांत गुलाबी आणि मग पांढरी पडते. हे बघण्यात एक दुष्ट आनंद आहे.

सगळ्यात मोठी अडचण मात्र ना शेवाळ, ना खत. ती म्हणजे मे महिना. युरोपातली माणसं हीटरबद्दल पानंच्या पानं लिहितात. इथे एप्रिल संपता संपता पाणी 32 अंशांवर जातं. गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, झाडांचा श्वासोच्छ्वास वाढतो, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन सुटतात. काठावर छोटे पंखे लावून वारा पाण्यावर सोडला की बाष्पीभवनाने दोनेक अंश उतरतात. नाशिकच्या कोरड्या हवेत आणखी उतरले असते, आमच्या दमट हवेत तेवढेच. उडालेलं पाणी भरताना मऊ पाणीच भरायचं, क्षार मागे राहिलेले असतात. कोणी विचारलं तर मी सांगते, टाकी दिवाळीनंतर लावा. थंडीचे चार महिने मुळं धरायला मिळतात, मग उन्हाळ्याशी झाडं आपापली लढतात. रोटाला मॅक्रांड्रा माझ्याकडे उन्हाळ्यात रुसते. ब्राह्मीला काही फरक पडत नाही.

मासे? आले एकदाचे. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागल्यावर आधी आमानो कोळंबी, शेवाळ खायला; आमानोनेच तिला या कामासाठी प्रसिद्ध केलं. तिची पिल्लं खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत, त्यामुळे टाकीत संख्या वाढत नाही. मग झेब्रा डॅनिओचा एक थवा. जगभरच्या प्रयोगशाळांत ज्याच्यावर संशोधन चालतं तो झेब्राफिश हाच, मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-खाचरांतला, आणि थंडी-उकाडा दोन्ही सोसणारा. पाच-सहा महिन्यांनी हनी गुरामीची जोडी, गंगा-ब्रह्मपुत्रेकडची, मधाच्या रंगाची. दुकानदाराने "मॅडम, एंजल घ्या, ऑस्कर घ्या, मोठा होतो" असं पुष्कळ सुचवलं. ऑस्करने दगडही उपटून ठेवले असते. मुलांची निराशा झाली, त्यांना शार्क हवा होता.

आता दर पंधरा दिवसांनी छाटणी निघते, मूठभर. ती ओली कधीच बाहेर जात नाही. उल्हास नदीवर जलपर्णीची चादर आमच्या भागातल्या लोकांनी बघितली आहे, ती दक्षिण अमेरिकेतून आलेली. केरळात कोझिकोडजवळ 2020 मध्ये गुलाबी फुलांनी भरलेल्या ओढ्याचे फोटो सगळ्यांनी पुढे पाठवले, तो कॅबोम्बाही ॲक्वेरियममधून सुटलेला परदेशी. मॉन्टे कार्लो कोणत्या नाल्यात रुजेल आणि कोणत्या नाही हे मला ठरवता येत नाही, म्हणून सगळी छाटणी गच्चीत उन्हात कडकडीत वाळते आणि मग सासूबाईंच्या खताच्या डब्यात जाते. चांगले शेंडे मी मैत्रिणींना देते. बिल्डिंगमध्ये दोन टाक्या त्यातून उभ्या राहिल्या आहेत. तिथेही अजून मासे नाहीत, आणि आता मुलांना ते चालतं.

दादालाही हवी आहे टाकी. गेल्या खेपेला त्याच्या बोअरच्या पाण्यात मीटर बुडवला तर टीडीएस 900 च्या वर. त्या पाण्यात माझी अर्धी यादी जगणार नाही. त्याला लिहून दिलंय: व्हॅलिस्नेरिया, ब्राह्मी, क्रिप्टोकोराइन, ॲन्युबियस, आणि मासे हवेतच तर गप्पी. दगड बांधावर आहेत, खत पंपहाउसमध्ये. टाकी ओसरीवर ठेवायची की आतल्या खोलीत, यावर वहिनीचा निर्णय व्हायचा आहे.